कॉमेट विमान चौकोनी खिडक्यांमुळे फुटले का?

विमान देखभाल अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: ब्रिटिश ‘कॉमेट’ हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान, त्याच्या खिडक्या चौकोनी होत्या, कोपऱ्यांना तडे गेले आणि विमाने हवेतच फुटली, असे वर्गात एका वाक्यात शिकवले जाते. हे कितपत खरे आहे, आणि डी हॅविलँडसारख्या नामांकित कंपनीच्या अभियंत्यांना एवढी साधी गोष्ट आधी कशी कळली नाही?

माझी नोकरी तीस वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या हँगरमध्ये विमानांच्या सांगाड्याची तपासणी करण्यात गेली. टॉर्च, आरसा आणि भिंग घेऊन रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, रांगा वाचत जाणे हे आमचे काम, आणि त्या कामामागचा पुष्कळसा विचार ज्या विमानापासून सुरू झाला ते हे कॉमेट. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. वर्गातले वाक्य अर्धे खरे आहे. खिडक्यांच्या कोपऱ्यांशी ताण जास्त होता, हे खरे. पण अभियंत्यांनी तिकडे लक्षच दिले नव्हते, हे खरे नाही. त्यांनी त्या भागाची चाचणी त्या काळच्या नियमांपेक्षा कितीतरी कडक घेतली होती, आणि नेमकी तीच चाचणी त्यांना फसवून गेली.

आता मुळापासून. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, ब्रिटिश सरकारने लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. युद्धकाळात ब्रिटिश कारखाने लढाऊ आणि बॉम्बफेकी विमाने बनवण्यात गुंतलेले होते आणि वाहतुकीच्या विमानांत अमेरिका खूप पुढे निघून गेली होती. शांतता आल्यावर ब्रिटनने कोणती प्रवासी विमाने बांधावीत, हे या समितीने ठरवायचे होते. तिने सुचवलेल्या प्रकारांपैकी चौथा प्रकार सर्वांत धाडसी होता: अटलांटिक ओलांडून टपाल नेणारे जेट विमान. जेट इंजिन तेव्हा अगदी बाल्यावस्थेत होते, तरीही सर जेफ्री डी हॅविलँड यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि रोनाल्ड बिशप यांनी तिला आकार दिला. युद्धातले गाजलेले लाकडी ‘मॉस्किटो’ विमान याच बिशप यांच्या हाताखाली तयार झाले होते. सुरुवातीच्या काही आराखड्यांत नव्या विमानाला आडवी शेपटीच नव्हती. त्या दिशेने अभ्यास करण्यासाठी बनवलेले ‘डीएच १०८’ हे छोटे प्रायोगिक विमान २७ सप्टेंबर १९४६ रोजी हवेत मोडले आणि ते चालवणारे सर जेफ्रींचे थोरले चिरंजीव, त्यांचेही नाव जेफ्रीच, मरण पावले. अखेर नेहमीची शेपटी आणि मागे थोडे कललेले पंख असा आराखडा पक्का झाला.

पहिले कॉमेट २७ जुलै १९४९ रोजी हॅटफिल्डच्या धावपट्टीवरून उडाले. चालक होते जॉन कनिंगहॅम, युद्धातले रात्रीच्या हवाई लढाईचे नामवंत वैमानिक. उड्डाण ३१ मिनिटांचे झाले. योगायोग असा की, २७ जुलै हा कनिंगहॅम यांचाही वाढदिवस आणि सर जेफ्री यांचाही.

इथपासून थोडे यंत्रशास्त्र आले पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. जेट इंजिन खालच्या थरातल्या दाट हवेत इंधन भसाभस पिते. उंचावर, विरळ हवेत गेल्यावरच त्याचा हिशेब परवडतो. कॉमेटला म्हणून ३५ ते ४० हजार फुटांवरून उडणे भाग होते, तर त्या काळची पंख्यांची विमाने साधारण त्याच्या निम्म्या उंचीवर असत. प्रवाशाला मात्र ४० हजार फुटांवर श्वास घेता येत नाही, म्हणून केबिनमधला हवेचा दाब ८ हजार फुटांवर असतो तेवढा राखायचा. आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक यामुळे प्रति चौरस इंच ८.२५ पौंडांवर गेला, म्हणजे आधीच्या विमानांच्या जवळपास दुप्पट. आपल्या भाषेत सांगायचे तर केबिनच्या आतल्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे पावणेसहा टनांचा रेटा. विमान वर गेले की हा रेटा येतो, खाली उतरले की जातो. केबिन म्हणजे प्रत्येक उड्डाणात एकदा फुगणारा आणि एकदा बसणारा फुगा असतो, फक्त धातूचा.

दुसरी बाजू वजनाची. कॉमेटच्या पंखांच्या मुळाशी, बाहेरून दिसणारही नाहीत अशी, डी हॅविलँडचीच चार ‘घोस्ट’ इंजिने बसवलेली होती. एकेकाचा जोर सुमारे ५ हजार पौंड. चार इंजिनांचा मिळून जोर ९ टनांच्या आसपास आणि पूर्ण भरलेले विमान सुमारे ४७ टनांचे. अशा स्थितीत प्रत्येक किलोसाठी झगडावे लागते. म्हणून कॉमेटची कातडी, जिला आम्ही हँगरमध्ये सरळ स्किन म्हणतो, काही भागांत जेमतेम ०.७ मिलिमीटर जाडीची होती. जोडणीत शक्य तिथे रिव्हेटऐवजी ‘रिडक्स’ नावाचे, उष्णता आणि दाब देऊन पक्के होणारे चिकट द्रव्य वापरले होते. ही युक्ती चांगली होती. चिकटवलेल्या जोडात भोके पडत नाहीत आणि ताण सर्वत्र पसरतो. पण खिडक्यांच्या चौकटी आणि छतावरच्या काही चौकटी यांच्याभोवती रिव्हेट होतेच.

कातडीला भोक पाडले की त्या जागचा ताण आजूबाजूला सरकतो आणि भोकाच्या कडेला दाटतो, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. कॉमेटच्या खिडक्या ‘चौकोनी’ म्हटल्या तरी त्यांचे कोपरे धारदार नव्हते, चांगले गोलावलेले होते. बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ताण कोपऱ्याशी दाटतो हे ठाऊक होते. त्यांचा अंदाज चुकला तो इतकाच की, तो किती दाटतो. त्यांनी कोपऱ्याजवळच्या दोनतीन इंच भागातला सरासरी ताण काढला आणि तो सोसण्याजोगा निघाला. प्रत्यक्ष भोकाच्या काठावर, रिव्हेटच्या छिद्रालगत, धातू ज्या ताणाला तुटतो त्याच्या ७० टक्क्यांच्या घरात ताण पोहोचत होता, हे पुढे मापन झाले तेव्हा कळले. त्या काळी असा हिशेब कागदावर अचूक करण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी हिशेबापेक्षा चाचणीवर भर दिला. हा निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

चाचणी कशी होती तेही पाहा. नियम म्हणत होता की, केबिन नेहमीच्या दाबाच्या दुपटीला फुटता कामा नये. डी हॅविलँडने केबिनचा पुढचा प्रत्यक्ष भाग बांधून त्याच्यावर दुपटीपर्यंतचा दाब अनेकदा दिला आणि मग त्याच भागावर दाब भरण्याची आणि सोडण्याची आवर्तने चालवली. तो भाग सुमारे १८ हजार आवर्तनांनंतर फुटला. रोज काही उड्डाणे धरली तरी ही संख्या विमानाच्या अपेक्षित आयुष्यापेक्षा खूप जास्त होती. सगळे निश्चिंत झाले. गोम अशी होती की, दुप्पट दाब दिला तेव्हा कोपऱ्याशी असलेला धातू किंचित ताणला जाऊन कायमचा वाकला होता, आणि दाब सोडल्यावर आजूबाजूच्या न वाकलेल्या धातूने त्याला आवळून धरले होते. असा आवळलेला भाग पुढच्या आवर्तनांत कमी ताण सोसतो आणि जास्त टिकतो. म्हणजे जी केबिन तपासली, ती तपासताना आधीच मजबूत करून ठेवलेली होती. प्रवाशांना घेऊन उडणाऱ्या केबिनना एवढा दाब कधी दिला गेला नव्हता. चाचणी जितकी कडक, तितके तिचे उत्तर खोटे.

कॉमेटचे यश मात्र खरे होते, आणि ते विसरले जाऊ नये. २ मे १९५२ रोजी ‘योक पीटर’ या हाकेच्या नावाचे कॉमेट लंडनहून रोम, बैरुत, खार्टूम, एंटेबे आणि लिव्हिंगस्टनमार्गे जोहान्सबर्गला निघाले. तिकीट काढलेले ३६ प्रवासी घेऊन जाणारे जगातले हे पहिले जेट उड्डाण. जुन्या विमानांत दिवसभर इंजिनांचा थरथराट आणि हवेचे धक्के सोसणाऱ्या प्रवाशांना ढगांच्या वर, ताशी सातशे किलोमीटरहून अधिक वेगाने, जवळजवळ हादऱ्याविना जाणारे हे विमान म्हणजे दुसऱ्या जगातले वाटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीने कराची आणि मुंबईमार्गे कोलंबोची कॉमेट सेवा सुरू केली, म्हणजे सांताक्रूझच्या धावपट्टीने जेट प्रवासी विमान पाहिले ते भारताला स्वतःचे बोइंग मिळण्याच्या सुमारे आठ वर्षे आधी. मुंबईत सांगितला जाणारा एक किस्सा खरा आहे: १५ जुलै १९५३ रोजी बीओएसीचे एक कॉमेट सांताक्रूझ समजून शेजारच्या जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. ते सुखरूप थांबले, पण तिथून परत उडवायला सुमारे नऊ दिवस लागले.

अपघात मात्र लवकरच सुरू झाले, आणि ते सगळे एका माळेत ओवण्याची चूक बरेच जण करतात. ऑक्टोबर १९५२ मध्ये रोमला एक कॉमेट उडता उडता धावपट्टीच्या पलीकडे गेले. मार्च १९५३ मध्ये कराचीला कॅनडियन पॅसिफिक कंपनीचे नवे कॉमेट तसेच उडता न आल्याने मोडले आणि त्यातले अकराही जण मरण पावले. या दोन्हींत नाक वाजवीपेक्षा जास्त वर उचलले गेल्याने पंख नीट उचल देऊ शकले नाहीत. पुढे पंखाच्या पुढच्या कडेचा आकार बदलून त्यावर उपाय झाला. २ मे १९५३ रोजी, जोहान्सबर्गच्या त्या पहिल्या उड्डाणाला बरोबर एक वर्ष होत असताना, कलकत्त्याच्या डमडमहून दिल्लीकडे निघालेले ‘योक व्हिक्टर’ उड्डाणानंतर काही मिनिटांतच वादळात मोडले आणि सर्व ४३ जण गेले. मे महिन्यातल्या संध्याकाळची ती बंगालची कालबैसाखी. तिचे झोत किती भयंकर असतात हे त्या भागात उडालेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. भारतीय चौकशी न्यायालयाने वादळातल्या जबर झोतांमुळे किंवा त्यांना तोंड देताना नियंत्रणे जास्त ओढली गेल्याने सांगाडा मोडला, असा निष्कर्ष काढला. केबिन फुटण्याच्या गोष्टीत हा अपघात मिसळू नये, असे माझे मत आहे, जरी पुष्कळ लेखांत तसे केलेले आढळते.

खरी गोष्ट सुरू होते १० जानेवारी १९५४ रोजी. तेच ‘योक पीटर’, ज्याने जेटयुग सुरू केले होते, रोमहून लंडनला निघाले आणि सुमारे वीस मिनिटांत एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्या वेळी कप्तान दुसऱ्या विमानाशी बोलत होते आणि त्यांचे वाक्य मध्येच तुटले. ३५ जण गेले. कॉमेटची उड्डाणे थांबली, तज्ज्ञ बसले, इंजिनाची पाती तुटून इंधनाच्या टाकीत घुसली असतील अशा शक्यता धरून संरक्षक पत्रे, धुराचे सूचक, मजबूत इंधननळ्या अशा सुधारणा करण्यात आल्या. केबिनवर कोणाचा संशय नव्हता. १८ हजार आवर्तने सोसलेली केबिन हजारबाराशे उड्डाणांत कशी फुटेल? २३ मार्चला सेवा पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीने चालवलेले ‘योक योक’ रोमहून कैरोला जाताना नेपल्सजवळच्या समुद्रात गेले. आणखी २१ बळी. या वेळी सरकारने कॉमेटचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्रच मागे घेतले आणि शोधाची जबाबदारी फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटवर, तिचे संचालक सर आर्नल्ड हॉल यांच्यावर सोपवली.

नेपल्सजवळचा समुद्र फार खोल होता, म्हणून सगळी आशा एल्बाच्या अवशेषांवर होती. नौदलाने पाण्याखाली उतरवता येणारा टेलिव्हिजन कॅमेरा आणि पकडी वापरून तुकडा तुकडा वर काढला. ते तुकडे फार्नबरोत विमानाच्या आकाराच्या लाकडी सांगाड्यावर बांधत गेले. आमच्या व्यवसायात या कामाला तोड नाही; आज कुठल्याही अपघाताच्या चौकशीत अवशेषांची पुनर्मांडणी होते तिचा हा आदर्श. इटलीत मृतदेहांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना फुफ्फुसे अचानक दाब उतरल्यासारखी फाटलेली आढळली. शेपटीवर केबिनमधल्या वस्तूंचे ओरखडे होते, एका नाण्याचा ठसासुद्धा होता. म्हणजे शेपटी अजून जागेवर असताना केबिन फुटली होती. स्फोट आतला होता, पण बॉम्बचा नव्हता.

त्याच वेळी हॉल यांनी बीओएसीचे आणखी एक कॉमेट, ‘योक अंकल’, एका मोठ्या पाण्याच्या टाकीत ठेवले. पंख रबरी सीलमधून टाकीबाहेर काढले आणि ते जॅकने वरखाली हलवत ठेवले, जणू विमान उडतच आहे. केबिनही पाण्याने भरली आणि पंपाने दाब वाढवून पुन्हा उतरवला. पाणी का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. हवा दाबली की ऊर्जा साठवते, म्हणून हवेने भरलेली केबिन फुटली तर बॉम्बसारखी फुटते आणि पुरावा उधळून जातो. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे तडा गेला की दाब लगेच खाली येतो आणि तडा कुठून निघाला ते जसेच्या तसे राहते. एक उड्डाण काही मिनिटांत उरकत होते. ‘योक अंकल’ने सेवेत १,२२१ उड्डाणे केली होती, टाकीत आणखी १,८३६ आवर्तने झाल्यावर, जून १९५४ मध्ये, केबिन फाटली आणि फाट एका खिडकीच्या कोपऱ्यापासून निघालेली होती. एकूण ३,०५७. ‘योक पीटर’ची दाबाखालची उड्डाणे होती १,२९० आणि ‘योक योक’ची अवघी ९००. हे तिन्ही आकडे एकमेकांपासून दूर आहेत म्हणून कोणी गोंधळू नये. एकाच साच्यातले दोन तुकडे एकाच ताणाखाली किती आवर्तने टिकतील यात तिप्पटचौपट फरक पडणे हे धातूच्या थकव्यात, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण आल्याने धातू हळूहळू तडकण्यात, नेहमीचे आहे. १८ हजारांशी तुलना केली तर मात्र तिन्ही एकाच बाजूचे.

पुढे एल्बाच्या समुद्रातून ‘योक पीटर’च्या छताचा तुकडा मिळाला आणि इथे वर्गातले वाक्य कोलमडते. तडा प्रवाशाच्या खिडकीपासून निघालेलाच नव्हता. कॉमेटच्या छतावर, कातडीखाली बसवलेल्या रेडिओ दिशाशोधक अँटेनांसाठी दोन चौकटी कापलेल्या होत्या आणि त्यांवर रेडिओलहरी आरपार जाऊ देणारी झाकणे बसवलेली होती. त्यांना चौकशीच्या कागदांत ‘खिडकी’च म्हटले आहे, म्हणून हा सगळा गैरसमज, पण त्यांतून कोणी बाहेर पाहत नव्हते. मागच्या चौकटीच्या कोपऱ्याशी असलेल्या एका छोट्या छिद्राच्या काठावर थकव्याचा तडा सुरू झाला होता. टाकीतला तडा प्रवासी खिडकीच्या कोपऱ्याशी निघाला, समुद्रातला छतावर निघाला. दोन्ही ठिकाणी समान होते ते कापलेले भोक, त्याभोवतीचे रिव्हेट, आणि तडा सुरू झाल्यावर त्याला अडवेल असे काहीही नसलेली पातळ कातडी. ही तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तडा पडू नये याची काळजी घेतली होती, पडलाच तर काय, याचा विचार केलेला नव्हता.

चौकशी लॉर्ड कोहेन यांच्यापुढे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये लंडनमध्ये चालली आणि त्यांनी कोणालाही दोषी धरले नाही. हे वाचून काही तरुणांना राग येतो. मी स्वतः तो निर्णय योग्य मानतो, कारण त्या दिवसापर्यंत मिळू शकणाऱ्या ज्ञानापेक्षा अधिक कडक चाचणी कोणीही केली नव्हती, आणि डी हॅविलँडने आपले सर्व निष्कर्ष, प्रतिस्पर्धी अमेरिकी कंपन्यांसकट, खुले केले.

आता खिडक्यांच्या आकाराचा प्रश्न पुन्हा घेऊ. फ्रेंच ‘कॅरव्हेल’ विमानात कॉमेटचे नाक आणि कॉकपिट जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले होते, आणि त्याच्या प्रवासी खिडक्या चक्क त्रिकोणी होत्या, कोपरे गोलावलेल्या. इंडियन एअरलाइन्सने ती विमाने १९६४ पासून वापरली; ज्यांनी त्या काळात मुंबई-दिल्ली प्रवास केला असेल त्यांच्या त्या खिडक्या लक्षात असतील. त्रिकोणाला तीनच कोपरे, तेही अधिक टोकदार. तरीही कॅरव्हेलची केबिन खिडक्यांमुळे फुटली नाही, कारण तोवर कोपऱ्यांभोवती जाड पत्रा, म्हणजे डबलर, किती द्यायचा आणि ताण कसा मोजायचा हे कॉमेटने शिकवले होते. उलट बाजूचे उदाहरण २८ एप्रिल १९८८ चे. अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ च्या खिडक्यांना कोणी चौकोनी म्हणणार नाही, तरी हवाई बेटांवर उडताना त्या विमानाच्या छताचा मोठा तुकडा उडून गेला. जवळपास ९० हजार उड्डाणे, खारी हवा, थंड तापमानात चिकटवलेला आणि नंतर सुटलेला जोड, आणि मग सगळा भार रिव्हेटच्या एका रांगेवर. तडे एकेका छिद्रापासून निघून एकमेकांना भेटले. कॉमेटपेक्षा आकार वेगळा, आजार तोच.

त्या घटनेनंतर जुन्या विमानांच्या जोडांची तपासणी फार कडक झाली. माझ्या वाट्याला ते काम बरेच आले. एडी करंटची, म्हणजे धातूत विजेचे भोवरे निर्माण करून लपलेले तडे शोधणारी, शलाका एकेका रिव्हेटवरून फिरवताना पडद्यावरची रेष एखाद्या ठिकाणी किंचित उडते. डोळ्याला तिथे काहीच दिसत नाही, रंगही शाबूत असतो. मग रिव्हेट काढायचा, छिद्र साफ करायचे, पुन्हा मोजायचे. सापडलेला तडा बहुधा दीडदोन मिलिमीटरचा असे. नवीन मुलगा विचारी, ‘सर, एवढ्याशासाठी विमान अडवायचे?’ तेव्हा मी त्याला ९०० हा आकडा सांगत असे.

उरलेला इतिहास सुखाचा आहे, पण उशिराचा. पहिल्या कॉमेटची विमाने प्रवाशांसाठी पुन्हा उडाली नाहीत. दुसऱ्या प्रकारची, दुरुस्त केलेली विमाने ब्रिटिश हवाई दलाने घेतली. तिसऱ्या प्रकाराचे एकच विमान उडाले आणि त्याने कनिंगहॅम यांच्या हाताखाली १९५५ च्या डिसेंबरात जगप्रदक्षिणा केली. पूर्णपणे नव्याने विचार केलेले, अधिक जाड कातडीचे, गोलसर खिडक्यांचे आणि रोल्स-रॉइसच्या ‘एव्हॉन’ इंजिनांचे ‘कॉमेट ४’ हे विमान एप्रिल १९५८ मध्ये उडाले. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी बीओएसीने त्याच विमानाने लंडन-न्यूयॉर्क ही अटलांटिकवरची पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. पॅन अमेरिकन या अमेरिकी कंपनीचे बोइंग ७०७ त्याच महिन्याच्या २६ तारखेला न्यूयॉर्क-पॅरिस मार्गाने अटलांटिकवर आले. तीन आठवड्यांची आघाडी ब्रिटिशांना मिळाली, पण बाजार अमेरिकेला. कॉमेट ४ मध्ये सत्तरऐंशी प्रवासी मावत, ७०७ मध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. आणि ७०७ ची इंजिने पंखाखाली टांगलेली असल्याने काढून बदलायला सोपी. पंखाच्या मुळात गाडलेले इंजिन दिसायला फार देखणे असते, पण ते रात्रपाळीत बदलावे लागले की त्याची सुंदरता कोणाला आठवत नाही. बोइंगने कातडी जाड ठेवली होती आणि तिच्या आत पट्ट्या बसवून तडा फार लांब जाणार नाही अशी व्यवस्था केली होती.

मुंबईकरांच्या आठवणीत कॉमेट आणखी एकदा आले, दुःखद रीतीने. २८ जुलै १९६३ रोजी, पावसाळी रात्री, युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट ४सी सांताक्रूझला उतरण्याच्या तयारीत असताना मढच्या बाजूच्या समुद्रात कोसळले आणि ६३ जण मरण पावले. खराब हवेत वळण घेताना विमानावरचा ताबा सुटला होता. केबिनच्या धातूचा त्यात काही संबंध नव्हता, म्हणून हा अपघातही त्या माळेत ओवू नये.

एकूण ११४ कॉमेट बांधली गेली. बीओएसीने आपली कॉमेट ४ विमाने १९६५ मध्ये सेवेतून काढली, तर डॅन-एअर या ब्रिटिश कंपनीने जुनी कॉमेट गोळा करून सुट्टीच्या प्रवाशांसाठी नोव्हेंबर १९८० पर्यंत चालवली. उडणारे शेवटचे कॉमेट, संशोधनासाठी वापरले जाणारे ‘कॅनोपस’, ३० ऑक्टोबर १९९७ रोजी लेस्टरशायरमधल्या ब्रंटिंगथॉर्पला उतरले. शेवटच्या दोन न विकलेल्या कॉमेटच्या सांगाड्यांपासून सुरुवात करून घडवलेले ‘निमरॉड’ हे सागरी गस्तीचे विमान तर ब्रिटिश हवाई दलात २०११ पर्यंत होते. तोच सांगाडा, तशीच पंखात दडवलेली इंजिने, १९४९ च्या हॅटफिल्डपासून सहा दशकांहून अधिक काळ.

लंडनला जाणे झाले तर सायन्स म्युझियममध्ये ‘योक पीटर’च्या छताचा तो तुकडा पाहा. पाहणारे बहुतेक जण चौकटीच्या आकाराकडे बघून पुढे जातात. तुम्ही कोपऱ्याजवळचे छिद्र शोधा.